आधी उतार, मग हार्ड बूट

डिसेंबर उजाडला की नांदेड-लातूरकडच्या सहल कंपन्यांच्या फलकांवर काश्मीर आणि मनाली झळकू लागतात. नांदेडहून जम्मूला थेट रेल्वे आहे आणि जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर गाडीही धावू लागली आहे, त्यामुळे मराठवाड्याला बर्फ पूर्वीइतका लांबचा राहिलेला नाही. गुलमर्गला पोचलेली मंडळी भाड्याचा कोट आणि गमबूट चढवतात, स्लेजवर बसतात, फोटो काढतात आणि परततात. मोबाइलवर मात्र त्यांतल्या अनेकांनी आणखी एक प्रकार पाहिलेला असतो. अरुंद फळीवर उभा असलेला माणूस वळताना इतका कलतो की त्याचा हात, कधी कोपरही बर्फाला घासते, आणि तरी तो पडत नाही. कडक प्लॅस्टिकचे बूट घालून स्नोबोर्डवर केलेले हे कार्व्हिंग. आपल्या हिमालयात ते जवळपास दिसत नाही. का, असे विचारले तर ठरलेली दोन उत्तरे मिळतात : आपल्याकडे तेवढे कौशल्य नाही, किंवा तेवढा पैसा नाही. दोन्हींत तथ्य आहे, पण मूळ कारण तिसरेच आहे. या खेळाला नुसता बर्फ पुरत नाही; बर्फ दाबून, सपाट करून, कडक करून द्यावा लागतो. ते काम आधी झाले तरच कौशल्याला आणि पैशाला अर्थ येतो.

हे पटायला आधी वळण समजून घ्यावे लागेल. स्नोबोर्ड वळवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. नवशिका फळी आडवी फिरवतो आणि तिची कड बर्फावर घासत वेग कमी करतो. फळीचे तोंड एकीकडे आणि ती घसरते भलतीकडे. मागे रुंद, विस्कटलेला पट्टा उरतो. कार्व्हिंगमध्ये फळी कडेवर उभी करतात आणि तिला तिच्याच रेषेत पुढे जाऊ देतात. फळीचे पुढचे टोक जिथून गेले, अगदी तिथूनच मागचे टोक जाते आणि मागे उरते ती बारीक, खोल, स्वच्छ रेघ. वखराची पास रुंद पट्ट्यात माती खरवडत जाते आणि तिफणीचा फण तास काढत सरकतो, तसाच या दोन वळणांतला फरक आहे. वळण जमले की नाही हे सांगायला परीक्षक लागत नाही. थांबून मागे पाहिले की रेघच सगळे सांगते : ती कुठे जाड झाली, म्हणजे तिथे फळी घसरली.

ही रेघ वाकडी का होते, याचे उत्तर फळीच्या आकारात आहे. स्नोबोर्ड दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये अरुंद असतो, म्हणजे त्याची कड हा एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असतो. फळी कलवून तिच्यावर भार टाकला की ती वाकते आणि बर्फात जे वर्तुळ कापते ते मूळ वर्तुळापेक्षा लहान असते. १४ मीटर त्रिज्येची कड असलेली फळी ४५ अंशांत कलवली तर साधारण १० मीटर त्रिज्येचे वळण मिळते, ६० अंशांत कलवली तर ७ मीटरचे. आता वेगाचा हिशेब पाहू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. या वेगाने १० मीटर त्रिज्येच्या वळणावर जाणाऱ्याला बाहेर ओढणारा जोर जवळजवळ त्याच्या वजनाइतका होतो, आणि तोल सांभाळायला शरीर ४५ अंशांत कलवावेच लागते. फळीचा कोन आणि शरीराचा कोन असे जुळून येतात. उताराचा चढउतार धरला तर आकडे थोडे हलतील, पण मुद्दा तोच राहतो. बर्फाला हात लागेपर्यंत कलणे बघणाऱ्याला शौक वाटतो. तो वेगाने लादलेला हिशेब असतो. त्या क्षणी ७० किलोच्या माणसाच्या पायांवर सुमारे १०० किलोंचा भार असतो, आणि तो सगळा काही मिलिमीटर जाडीच्या पोलादी कडेतून बर्फात उतरतो.

बुटांचा प्रश्न इथे येतो. बहुतेक स्नोबोर्डर मऊ बूट वापरतात. ते दिसायला जाड हिवाळी बुटांसारखेच असतात, पट्ट्यांनी फळीला बांधले जातात, घोट्याला हवे तसे वाकू देतात. हार्ड बूट स्कीच्या बुटांच्या जातीचा : बाहेर प्लॅस्टिकचे कवच, त्यावर चार-पाच धातूचे बकल, आत गादीदार अस्तर. बुटाच्या टाचेची आणि चवड्याची कडा पोलादी कड्यात बसते, पुढची खटकी दाबली की पाय फळीला घट्ट अडकतो. नडगी पुढच्या कवचावर जराशी टेकवली तरी तो दाब तत्काळ कडेपर्यंत जातो. फळीही वेगळी असते : लांब, ताठ आणि कमरेत जेमतेम १८ ते २० सेंटिमीटर रुंद. एवढ्या अरुंद फळीवर पाय आडवे ठेवले तर चवडे आणि टाचा बाहेर येतील आणि फळी कलताच बर्फात रुततील. म्हणून दोन्ही पाय पुढच्या टोकाकडे ५०-६० अंशांत वळवून बसवतात आणि स्वार जवळजवळ समोर तोंड करून उभा राहतो. यातला प्रत्येक भाग एकाच गृहीतावर बेतलेला आहे : खाली असा पृष्ठभाग आहे, जो कडेला धरून ठेवेल आणि १०० किलोंच्या भाराखाली ढासळणार नाही.

आल्प्समध्ये किंवा जपानमध्ये तो पृष्ठभाग रोज रात्री तयार केला जातो. संध्याकाळी उतार बंद झाले की रुंद पट्ट्यांची ग्रूमर यंत्रे डोंगर चढतात, दिवसभरात झालेले उंचवटे फोडतात, बर्फ घुसळून दाबतात आणि मागे बारीक समांतर पन्हळी सोडतात. रात्रीच्या थंडीत बर्फाचे कण एकमेकांना चिकटतात आणि सकाळी थर कडक होतो. कार्व्हिंग करणारे पहाटे रांगा लावतात ते या पहिल्या दोन-तीन तासांसाठी. दुपारी तोच उतार मऊ आणि खडबडीत होतो. शिवाय त्यांचे वळण उताराची बरीच रुंदी व्यापते, त्यामुळे गर्दीत ते धोक्याचे ठरते. गुलमर्गचे वैभव मात्र वेगळे आहे. तिथला गोंडोला सुमारे २,६५० मीटरवरून निघतो आणि दोन टप्प्यांत अफरवट डोंगराच्या अंगावर ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो. जगभरातले लोक तिथे येतात ते माथ्यावरच्या भुसभुशीत, कोणी हात न लावलेल्या बर्फासाठी. तिथे रुंद फळी आणि मऊ बूटच हवेत. अरुंद ताठ फळीचे तोंड अशा बर्फात खाली जाते. खाली काही तयार उतार आहेत, पण ते मुख्यतः शिकणाऱ्यांचे आहेत. गुलमर्गमध्ये हार्ड बूट न दिसणे हे त्यामुळे मागासलेपण ठरत नाही. जमीन तशी, अवजार तसे.

यावर जाणकार आक्षेप घेतील की हार्ड बूट जगातच मागे पडले आहेत, मग त्यांच्यासाठी जीव कशाला टाकायचा? आक्षेप वजनदार आहे. १९९८ साली नागानोला स्नोबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आले तेव्हा त्यात दोनच प्रकार होते, जायंट स्लॅलम आणि हाफपाइप; निम्मा खेळ वळणांचा होता. पुढे क्रॉस आला, स्लोपस्टाइल आला, आणि २०१८ मध्ये बिग एअर आत आला तेव्हा समांतर स्लॅलम बाहेर गेला. बाजारही उड्यांच्या बाजूने झुकला. हार्ड बुटांच्या फळ्या आज मुख्यतः छोटे, निष्णात कारागीर-उत्पादक बनवतात. पण लोकप्रियता आणि उपयुक्तता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडेवर चालण्याची विद्या स्कीलाही लागते, आणि ती किती खोलवर समान आहे हे चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने २०१८ मध्ये दाखवले. प्याँगचांगच्या एकाच ऑलिम्पिकमध्ये तिने आधी स्कीवर सुपर-जी आणि आठवड्याभराने स्नोबोर्डवर समांतर जायंट स्लॅलम, अशी दोन सुवर्णपदके जिंकली. म्हणजे कार्व्हिंगसाठी केलेला उतार एका शौकीन टोळीपुरता राहत नाही. त्याच उतारावर स्कीचे खेळाडू घडतात आणि पर्यटकही निर्धास्त शिकतात.

असा उतार प्रचंड असावा लागतो, हाही गैरसमज आहे. त्याच प्याँगचांगमध्ये पुरुषांच्या समांतर जायंट स्लॅलममध्ये कोरियाच्या ली सांग-होला रौप्य मिळाले. बर्फावरच्या खेळांतले ते कोरियाचे पहिलेच ऑलिम्पिक पदक. गांगवोन प्रांतातल्या या मुलाला कोरियन लोक प्रेमाने ‘कोबीवाला पोरगा’ म्हणतात, कारण लहानपणी तो कोबीच्या शेतावर केलेल्या स्लेजच्या उतारावर स्नोबोर्ड शिकला. हिवाळ्यात रिकामी पडणारी शेतजमीन, तिच्यावर दाबलेला बर्फ आणि तिथे शिकणारे मूल एवढ्यावर सुरुवात झाली. उंच शिखरावर नेणारा गोंडोला त्या गोष्टीत नाही. छोटा, साधा उतार मात्र आहे. आपल्याकडे २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उतरलेला स्कीपटू आरिफ खान गुलमर्गच्या परिसरातलाच. अशा उतारांची संख्या वाढली तर त्याच्यामागून येणारेही वाढतील, असे मानायला जागा आहे.

दुसरा आक्षेप लातूरकराला सगळ्यात आधी सुचेल : पाण्याचा. हवामान बेभरवशाचे झाले आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फ कमी पडल्याने खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा मार्चवर ढकलावा लागला. अशा वेळी उपाय म्हणून कृत्रिम बर्फाच्या तोफा पुढे येतात. बीजिंगच्या ऑलिम्पिकमधला बर्फ जवळपास सगळाच यंत्रांनी केलेला होता. पण एक हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटर बर्फ पसरायला साधारण दहा-बारा लाख लिटर पाणी लागते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला पोचलेल्या पहिल्या ‘जलदूत’ या पाण्याच्या रेल्वेगाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. तेवढ्यात जेमतेम एकरभर उतार पांढरा झाला असता. हे गणित ज्याने भोगले आहे, त्याने कृत्रिम बर्फाकडे संशयाने पाहिले तर ते योग्यच. वसंतात बर्फ वितळून बरेचसे पाणी त्याच खोऱ्यात परतते हे खरे, पण ते उपसले जाते ऐन हिवाळ्यात, जेव्हा डोंगरातले ओढे आटलेले असतात. म्हणून उतार तयार करणे आणि बर्फ तयार करणे यांत गल्लत करू नये. पडलेला बर्फ वेळीच दाबून बसवला तर तो विस्कटलेल्या बर्फापेक्षा उन्हात जास्त टिकतो, आणि त्या कामाला इंधन लागते, पाणी लागत नाही. उंच, उत्तरेकडे तोंड असलेले आखूड उतार निवडले तर तोफांची गरज बऱ्याच अंशी टळते.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे हिमालयाचे प्रश्न. नांदेड-लातूरचा यात संबंध काय? संबंध दोन प्रकारे आहे. पहिला ग्राहक म्हणून. गुलमर्ग आणि मनालीजवळच्या सोलंगच्या अर्थकारणात आपल्यासारख्या मैदानी पर्यटकांचा पैसा आहे. तो पैसा तासाभराच्या स्लेजवर आणि फोटोंवर संपण्याऐवजी तीन-चार दिवसांच्या शिक्षणवर्गावर गेला, तर तयार उतारांना मागणी येईल. जाताना हार्ड बूट विकत नेण्याची गरज नाही. भाड्याच्या मऊ बुटांवर, सौम्य उतारावर कड लावायला शिकणे हीच योग्य सुरुवात. दुसरा संबंध खेळाडू म्हणून. उष्ण प्रदेशातून किंवा चाकांवरच्या सरावातून बर्फाचे खेळाडू घडतात याचे दाखले आहेत. फ्लोरिडातल्या ओकालाची एरिन जॅक्सन चाकांच्या स्केट्सवरून बर्फावर आली आणि २०२२ मध्ये ५०० मीटर स्पीड स्केटिंगचे ऑलिम्पिक सुवर्ण जिंकली. आपल्या शिव केशवनने ल्यूजच्या स्लेजला चाके लावून हिमालयातल्या रस्त्यांवर सराव केला आणि तो सहा ऑलिम्पिक खेळला. लेहच्या खेलो इंडिया स्पर्धांत महाराष्ट्राच्या आइस स्केटर्सनी पदके मिळवली आहेत. चाकांचे स्केट्स नांदेड-लातूरच्या शाळकरी मुलांना नवे नाहीत. वळताना आत कलणे, गुडघे मऊ ठेवणे, भार एका कडेवरून दुसऱ्या कडेवर नेणे हे सगळे सिमेंटच्या रिंगणात शिकता येते. ते कार्व्हिंगची जागा घेणार नाही, पण अंगाला त्याची सवय लावते.

तेव्हा क्रम नीट लावला पाहिजे. हिवाळी खेळांसाठी पैसा खर्च होतो तेव्हा नजर उंच गोंडोलावर आणि उद्घाटनाच्या स्पर्धेवर जाते, कारण ती दिसतात. रात्री चालणारे ग्रूमर यंत्र, ते चालवणारा प्रशिक्षित माणूस आणि सकाळी सातला शिकाऊंसाठी उघडणारा दोनशे-तीनशे मीटरचा उतार हे फोटोत येत नाहीत. पण हंगामभराचा खेळ त्यांच्यावरच उभा राहतो. ते असतील तर हार्ड बूट चढवून कोण कार्व्हिंग करेल, मऊ बुटांवर कोण उड्या मारेल आणि स्की कोण निवडेल, हे ज्याचे त्याने ठरवावे. नसतील तर परदेशातून मागवलेली महागडी फळीही गुलमर्गच्या भुसभुशीत बर्फात निरुपयोगीच ठरेल.