पडद्यामागील दक्षता : रुग्णनोंदींचा सर्व्हर व त्याची देखभाल

जमाखर्चातील ‘संगणक प्रणालीची देखभाल’ हे कलम पाहून हितचिंतकांच्या मनात एक प्रश्न येणे स्वाभाविक आहे : मुक्तस्रोत प्रणालीला परवाना शुल्क पडत नाही, तर हा खर्च कशासाठी? या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

केसपेपरची खिडकी असो, प्रयोगशाळा असो वा औषधालय, संगणकावरील प्रत्येक मागणी प्रथम वेब सर्व्हरकडे जाते. तो डेटाबेसमधून नोंद शोधून पडद्यावर आणतो. जावा भाषेतील ‘अपाचे टॉमकॅट’ हा असाच एक सर्व्हर होय. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये तो अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या स्वाधीन केला. अनेक देशांतील रुग्णालयांत वापरली जाणारी ‘ओपनएमआरएस’ ही मुक्त रुग्णनोंद प्रणाली टॉमकॅटवर चालत आली आहे.

बिघाडाचे निदान

सकाळी बाह्यरुग्ण विभागात गर्दी होताच पडदे मंदावतात, हा नेहमी आढळणारा बिघाड. टॉमकॅट मूळ मांडणीत एका वेळी २०० मागण्या हाताळू शकतो. परंतु डेटाबेसशी होणाऱ्या जोडण्या मर्यादित असतात. प्रणालीतील एखाद्या भागाने घेतलेली जोडणी काम संपल्यावर परत केली नाही, तर जोडण्या एकेक करून अडकतात व अखेर साऱ्या मागण्या ताटकळतात. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की सारे सुरळीत भासते. मात्र काही तासांनी तक्रार पुन्हा उद्भवते. ताप उतरला म्हणजे रोग गेला असे नव्हे. म्हणून सर्व्हर पुन्हा सुरू करण्यापूर्वी त्याची नोंदवही, म्हणजे लॉग, आणि त्या क्षणी कोणते काम कोठे अडले आहे हे दाखवणारा थ्रेड डंप जतन करावा लागतो. मूळ दोष त्यातूनच सापडतो.

सुरक्षेची ठिगळे

दुसरे काम पॅच लावण्याचे. फेब्रुवारी २०२० मध्ये टॉमकॅटमधील ‘घोस्टकॅट’ हा दोष उघड झाला. ८००९ क्रमांकाचे पोर्ट बाहेरून खुले राहिल्यास त्यातून सर्व्हरवरील फाइली परक्याला वाचता येत. ९.०.३१ या आवृत्तीत तो दूर झाला. जेथे त्या पोर्टचा उपयोग नव्हता, तेथे ते बंद करणे हाही उपाय होता. डिसेंबर २०२१ मधील ‘लॉग४शेल’ हा दोष टॉमकॅटचा नव्हता, तर त्यावर चालणाऱ्या असंख्य प्रणालींत वापरलेल्या लॉग४जे या जावा ग्रंथालयाचा होता. त्यामुळे केवळ सर्व्हर अद्ययावत असून भागत नाही. त्यावरील प्रत्येक घटक तपासावा लागतो.

पॅच थेट चालू सर्व्हरवर लावू नये. आधी नोंदींची प्रत घ्यावी, ती खरोखर परत उघडते याची खात्री करावी, चाचणीच्या संगणकावर पॅच लावून पाहावा, मगच रात्री गर्दी नसताना मूळ सर्व्हरवर हात घालावा. जुनी आवृत्ती हाताशी ठेवावी आणि तेवढ्या वेळेपुरते कागदी फॉर्म प्रत्येक कक्षात असावेत.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समधील सर्व्हरवर सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस कामकाज हाताने चालवावे लागले. रक्तगट, औषधांची ॲलर्जी, पूर्वीची शस्त्रक्रिया ही माहिती ऐन वेळी मिळाली नाही, तर झळ थेट रुग्णाला बसते.

आपल्या परिसरात आणखी एक अडचण आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात बदलापूर परिसर जलमय झाला. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली. अशा दिवशी मुंबईहून तंत्रज्ञ येणे शक्य नसते. म्हणून उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील रुग्णालयांत ही कामे जाणणारा माणूस जवळच हवा, सर्व्हर तळमजल्यावर नसावा आणि नोंदींची एक प्रत अन्यत्र सुरक्षित असावी.

मुक्तस्रोत प्रणालीने परवान्याचा खर्च वाचतो. जबाबदारी मात्र वापरणाऱ्याकडेच राहते. या कलमाखालील रक्कम प्रशिक्षित हात, चाचणीचा संगणक आणि नोंदींच्या प्रती यांसाठी असते. आपल्या देणगीचा हा भाग कोणत्याही कोनशिलेवर दिसत नाही. पण मध्यरात्री दाखल झालेल्या रुग्णाची जुनी नोंद क्षणात समोर येते, त्यामागे तो असतो.