त्वचाश्यामलीकरण, कृत्रिम
जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारण सोडणाऱ्या दिव्यांखाली निजून वा उभे राहून त्वचा सावळी करण्याची क्रिया. यूरोप, उत्तर अमेरिका इ. प्रदेशांतील गौरवर्णीय लोकांत ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. या दिव्यांतून मुख्यत्वे ३१५ ते ४०० नॅनोमीटर आणि अल्प प्रमाणात २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे प्रारण मिळते.

अशा रीतीने येणारा सावळेपणा हा त्वचेला झालेल्या इजेचा परिणाम होय. प्रारणामुळे पेशींतील डीएनए रेणूंत बिघाड होतो व त्यास प्रतिसाद म्हणून मेलॅनीन हे रंगद्रव्य अधिक तयार होते. त्यामुळे उन्हापासून मिळणारे संरक्षण अगदी अल्प असते. दीर्घ तरंगलांबीचे प्रारण त्वचेत खोलवर शिरते. त्याने त्वचेची लवचिकता घटून अकाली सुरकुत्या पडतात. डोळ्यांनाही अपाय होतो.

ल्याँ (फ्रान्स) येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६ मध्ये केलेल्या परीक्षणात, वयाच्या ३५ वर्षांपूर्वी असा वापर सुरू करणाऱ्यांत मेलॅनोमा या मारक कर्करोगाचा धोका सु. ७५ टक्क्यांनी अधिक आढळला. २००९ मध्ये संस्थेने या साधनांचा निश्चित कर्करोगकारकांत समावेश केला. त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यासाठी होणाऱ्या त्यांच्या वापरावर बंदी घातली.

कोड, विचर्चिका (सोरायसिस) इ. विकारांवर हेच प्रारण उपचार म्हणून देतात. तेथे मात्र त्वचारोगतज्ञ मात्रा मोजून देतो, डोळे झाकले जातात व एकूण मात्रेची नोंद ठेवली जाते.

भारतात सावळेपणासाठी असे दिवे फारसे वापरात नाहीत. परंतु कृत्रिम जंबुपार प्रारणाशी संबंध कामाच्या ठिकाणी येतो. नासिकच्या सातपूर, अंबड यांसारख्या औद्योगिक वसाहतींत चालणारे विद्युत्‌ वितळजोडकाम (वेल्डिंग) हे त्याचे उदाहरण होय. विद्युत्‌ प्रज्योतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी येते व उजेड सहन होत नाही. ही लक्षणे बहुधा एकदोन दिवसांत ओसरतात. तथापि वितळजोडकामातील जंबुपार प्रारणाचाही समावेश उपर्युक्त संस्थेने २०१७ मध्ये निश्चित कर्करोगकारकांत केला. म्हणून गडद काचेचा मुखवटा, हातमोजे व अंगभर कपडे कारागिराइतकेच त्याच्या मदतनिसालाही आवश्यक असतात आणि आसपास वावरणाऱ्यांसाठी कामाभोवती आडपडदा लावावा लागतो.