विश्लेषण : ‘स्कायलॅब’ आठवते ती फक्त पडली म्हणूनच?

जुलै १९७९मध्ये शाळेत असलेल्यांना ‘स्कायलॅब’ हा शब्द आजही आठवतो, तो भीतीमुळे. आकाशातून काहीतरी कोसळणार आणि ते कुठे, हे कुणालाच ठाऊक नाही, एवढीच तेव्हा भारतातली चर्चा. त्याच अंतराळ स्थानकात नऊ जण राहून आले होते, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात नाही. ड्वाइट स्टीव्हन-बोनिएकी यांचा ‘सर्चिंग फॉर स्कायलॅब’ (२०१९) हा माहितीपट ही विसरलेली बाजू जुन्या चित्रफिती आणि अंतराळवीरांच्या आठवणींतून मांडतो.

६३व्या सेकंदाला काय घडले?

स्कायलॅब हे अमेरिकेचे पहिले अंतराळ स्थानक. (सोव्हिएत संघाचे ‘सॅल्यूत-१’ त्याआधी, १९७१मध्ये गेले होते, तिथे राहून परतताना तिघा अंतराळवीरांचा मृत्यू झाला.) १४ मे १९७३ रोजी सॅटर्न-५ रॉकेटने स्कायलॅब निघाली आणि ६३व्या सेकंदालाच तिचे बाहेरचे संरक्षक कवच फाटून गेले. त्या तडाख्याने दोनपैकी एक सौरपंख गमावला, दुसरा कवचाच्या एका पट्टीत अडकून बसला. म्हणजे वीज तुटपुंजी आणि सावली नाही. आतले तापमान ५० अंशांच्या वर गेले. अब्जावधी डॉलरचा प्रकल्प पहिल्याच दिवशी बुडीत खात्यात जाण्याची चिन्हे होती.

मग स्थानक वाचले कसे?

चक्क छत्रीने. ह्यूस्टनमधील तंत्रज्ञ जॅक किन्झलर यांनी मासेमारीच्या घडीच्या काठ्या वापरून एक नमुना बनवला. उपकरणे बाहेर काढण्यासाठी असलेल्या छोट्या झडपेतून छत्री बाहेर सरकवायची आणि उघडायची, अशी ही कल्पना. २५ मे रोजी पीट कॉनरॅड, जोसेफ केर्विन आणि पॉल वाइट्झ निघाले. छत्री उघडली आणि तापमान उतरू लागले. ७ जून रोजी कॉनरॅड आणि केर्विन यांनी बाहेर जाऊन लांब दांड्याच्या कात्रीने ती पट्टी कापली, सौरपंख उघडला आणि वीज मिळाली. अंतराळात एवढी मोठी दुरुस्ती तोपर्यंत कुणी केली नव्हती. ती झाली नसती तर पुढच्या दोन तुकड्यांच्या मोहिमाही झाल्या नसत्या.

अंतराळात खरेच ‘संप’ झाला?

तीन तुकड्या अनुक्रमे २८, ५९ आणि ८४ दिवस राहिल्या. तिसऱ्या तुकडीने कामाच्या ताणामुळे संप केला, ही गोष्ट अनेक वर्षे चवीने सांगितली गेली. त्या तुकडीतील एड गिब्सन यांनी ती साफ नाकारली आहे. वेळापत्रक अशक्य होते, त्यावरून नियंत्रण कक्षाशी स्पष्ट बोलणे झाले आणि थोडी मोकळीक मिळताच काम वाढले, इतकेच. रेडिओ संपर्क काही काळ तुटला तो चुकीने.

ती पडलीच का?

शेवटची तुकडी फेब्रुवारी १९७४मध्ये परतली. पुढे स्पेस शटल जाऊन स्थानकाला वर ढकलेल, असा ‘नासा’चा होरा होता. पण सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त सक्रिय झाला. अशा वेळी वातावरणाचा वरचा थर फुगतो आणि त्यातून जाणाऱ्या यानाचा वेग कमी होतो. शटलचे पहिले उड्डाण १९८१मध्ये झाले. स्कायलॅब ११ जुलै १९७९लाच कोसळली. तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियातील एस्पेरन्सच्या परिसरात पडले, कुणालाही इजा झाली नाही. तिथल्या स्थानिक प्रशासनाने कचरा टाकल्याबद्दल ‘नासा’ला ४०० डॉलरचा दंड ठोठावला. तो २००९मध्ये भरला एका अमेरिकी रेडिओ निवेदकाने, श्रोत्यांकडून पैसे गोळा करून!

आज याचे महत्त्व काय?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक निवृत्त होईल तेव्हा ते खास यानाच्या मदतीने, नियंत्रित पद्धतीने समुद्रात उतरवण्याची योजना आहे. तशी सोय स्कायलॅबला नव्हती. भारतानेही २०३५पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचे लक्ष्य ठेवले आहे. आणि स्कायलॅब आतून कशी होती हे पाहायचे असेल, तर तिच्यासाठी बनवलेले पण कधीच न उडालेले राखीव स्थानक वॉशिंग्टनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयात आहे.