सगळा फंडा मनगटात!

काडी आवळून धरली की राईड सिंबलचा आवाज दबतो, सैल सोडली की झंकार खुलतो. ड्रमर मंडळी यावर तासभर लेक्चर देतात! पण सांगली-साताऱ्याकडच्या जत्रेत कुस्तीचा फड बघा. तिथे हाच फंडा हलगीवर कडाडत असतो. एका हातात आखूड, जाड टिपरू, दुसऱ्यात लांब, बारीक काडी. टिपरू घुमवतं, काडी तडतडते. टोला बसला की टिपरू लगेच उचलायचं. चामड्यावर रेंगाळलं की नाद मेलाच. त्याआधी हलगी जाळावर शेकून ताणायची, थंडावली की पुन्हा शेकायची. (प्लास्टिकच्या पानाला ही कटकट नाही, पण मला चामडंच आवडतं.) पैलवान भिडले की लय चढते, अंगावर काटा येतो. माईकवर मात्र नाव पैलवानाचं, वस्तादाचं, इनाम देणाऱ्याचं. पिढ्यान्‌पिढ्या ही कला जपणाऱ्या मातंग वादकांचं क्वचितच. मला हे खटकतं. पुढच्या जत्रेत हलगीवाल्याच्या जवळ उभे राहा, बोटं बघा आणि नाव विचारा.