पिशोरचा संक्रांतीचा बाजार

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं संक्रांतीचा तिळगूळ हल्लीं पुड्यांतून येतो. दुकानदार पुडा देतो, आपण पैसे मोजतों, आणि सण घरीं पोहोंचतो. त्यांत वाईट असें कांहीं नाहीं. परंतु त्या पुड्याच्या मागें जो बाजार असतो, तो एकदां पाहिला म्हणजे सण ही वस्तु केवढ्या खटाटोपानें जमवावी लागते, हें ध्यानांत येतें. म्हणून आज मी आपणांस पिशोरच्या बाजारांत नेणार आहें.

पिशोर हें गांव कन्नड तालुक्यांत अंजना नदीच्या कांठीं आहे. ज्या जिल्ह्यास पूर्वीं औरंगाबाद म्हणत व २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणतात, त्याच्या उत्तर भागांत, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या अलीकडे. १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. जमीन काळी; खरिपांत कापूस आणि मका, रब्बींत गहूं आणि हरभरा, पाणी असेल तेथें ऊंस आणि आलें. ही पिकांची यादी मी उगाच देत नाहीं. संक्रांतीचा बाजार म्हणजे बव्हंशीं ह्याच यादीची रस्त्यावर मांडलेली नक्कल होय.

भोगीच्या आदल्या दिवशीं मी तेथें पोहोंचलें तेव्हां ऊन नुकतेंच वर येत होतें. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस पोतीं अंथरून बायका बसल्या होत्या. एकीपुढें गाजरें, दुसरीपुढें बोरें, तिसरीपुढें हरभऱ्याचा टहाळ, चौथीपुढें गव्हाच्या ओंब्यांच्या जुड्या. ऊंस मात्र पुरुषांच्या ताब्यांत. कोयत्यानें वीतवीतभर कांडीं तोडून त्यांचे ढीग घालणें चालू होतें. येथें तराजूला फारसें काम नाहीं. मूठभर बोरें, दोन गाजरें, ऊंसाचीं पांच कांडीं असा लहानसा ढीग म्हणजे एक वांटा, आणि सौदा होतो तो वांट्याचा. किलोचा हिशेब ठाऊक असलेल्या शहरी गृहिणीस हा वांटा महाग वाटतो. मलाही वाटला. पण जरा वेळ उभें राहून पाहिल्यावर उमगलें कीं, येथें घेणारीस किलोभर कांहींच नको असतें. सुगडांत घालावयास प्रत्येक जिन्नस चिमूटभर लागतो, आणि सारे जिन्नस एकाच घरच्या शेतांत पिकत नाहींत. जिच्या शेतांत हरभरा आहे ती टहाळ विकून गाजर घेते; जिच्या बांधावर बोर आहे ती बोरें विकून ओंबी घेते. विकणारी तीच घेणारी, असा हा बाजार आहे. ज्या वर्षीं परतीचा पाऊस दगा देतो, त्या वर्षीं वांट्यांतील बोरांची संख्या तेवढी कमी होते. सुगड रिकामें राहत नाहीं.

भोगीच्या भाजीची ओळ निराळी. वांगीं, घेवडा, पावटा, गाजर, ओला हरभरा, ओल्या शेंगा ह्यांची तिळाचें कूट घालून जी एकत्र भाजी होते, तिला पुष्कळ खेड्यांतून खेंगट म्हणतात. नांव जितकें ओबडधोबड तितकी चव सुरेख. जोडीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. ह्या दिवसांत जें जें शेतांत तयार असतें तें तें एका भांड्यांत आणण्याची ही युक्ति आहे. गृहिणींनीं एवढेंच लक्षांत ठेवावें कीं, घेवडा व पावटा आधीं अर्धवट शिजवून घेतल्यावांचून वांगें घालूं नये. नाहीं तर वांग्याचा लगदा होतो आणि पावटा दाताखालीं कडकच राहतो.

किराणा दुकानापुढें तिळाचीं दोन पोतीं उघडीं होतीं. एकांत पांढराशुभ्र, साल काढलेला. दुसऱ्यांत मळकट रंगाचा गांवरान. पांढऱ्याला भाव अधिक. दुकानदार म्हणाला, "दिसायला हा, खायला तो." त्याचें म्हणणें खरें आहे. तिळांत असलेलें कॅल्शियम बव्हंशीं सालींतच असतें, आणि भाजल्यावर जो खमंगपणा येतो तोही सालीच्या तिळास अधिक. तिळाच्या वजनापैकीं सुमारें निम्में तेलच असतें. आपल्या भाषेंतील तेल हा शब्दच मुळीं तिळापासून झाला. पुढें तो शेंगदाण्याला आणि सरकीला लागला, एवढेंच नव्हे तर जमिनींतून निघणाऱ्या खनिजालाही लागला. आणि संस्कृतांत तेलाला दुसरा शब्द आहे स्नेह. तो प्रेमालाही लावतात. तीळ देऊन गोड बोलण्याची विनंति कां करावयाची, ह्याचें उत्तर ह्या एका शब्दांत आहे.

गूळही दोन तऱ्हेचा. पोळीसाठीं साधा, लाडवासाठीं चिक्कीचा. चिक्कीच्या गुळाचा पाक अधिक चिवट होतो व तीळ धरून ठेवतो. पाकाचा थेंब गार पाण्यांत टाकून पाहावा. तो पसरला तर थांबावें, घट्ट गोळी झाली तर तीळ घालावे. गोळी होऊन गेल्यावरही जी गृहिणी शेजारणीशीं बोलत राहते, तिचे लाडू फोडावयास पुढें अडकित्ता लागतो. मीं हें अनुभवानें सांगतें.

ह्या बाजाराकडे पाहतांना मला एका फार दूरच्या बाजाराची आठवण झाली. चिनी लोकांत वर्षाच्या शेवटल्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशीं, दक्षिणेकडे चोविसाव्या, चुलीच्या देवास निरोप देण्याची चाल आहे. हा देव वर्षभर चुलीपाशीं बसून घरांतलें बोलणें-चालणें पाहतो आणि त्या दिवशीं स्वर्गांत जाऊन तेथील सम्राटाजवळ सारें निवेदन करतो, अशी समजूत. म्हणून निघण्यापूर्वीं त्याच्या चित्राच्या ओठांस मध किंवा मोड आणलेल्या धान्यापासून केलेली चिकट मिठाई लावतात. ह्या मिठाईस पुष्कळदां तीळ लावलेले असतात. हेतु उघड आहे. देवानें गोड तेंच बोलावें, आणि तें न साधल्यास निदान त्याचें तोंड तरी चिकटून बसावें! आपण तिळगूळ देऊन माणसांची मनधरणी करतों. चिनी गृहिणी थेट देवासच लांच देते. त्यांचें नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी ह्यांच्या दरम्यान येतें, त्यामुळें हा निरोपाचा दिवस कधीं कधीं आपल्या संक्रांतीच्या अगदीं लगत पडतो. तैपेइ शहरांत दीहुआ नांवाचा जुन्या पेढ्यांचा रस्ता आहे. नववर्षापूर्वीं तेथें सुकी अळंबीं, कलिंगडाच्या बिया, सुकीं फळें आणि मिठाया घेण्यास लोटालोट होते. शब्दांचा खेळ त्यांनाही आपल्यासारखाच प्रिय. मासा आणि शिल्लक ह्या दोन्ही शब्दांचा उच्चार त्यांच्या भाषेंत सारखा, म्हणून वर्षारंभीं ताटांत मासा हवाच. हें पाहण्यास इतक्या दूर जावयास नको. मुंबईस माझगांवांत १९१९ मध्यें बांधलेलें चिनी देऊळ आहे, आणि नववर्षाच्या दिवशीं तेथें त्यांची मंडळी जमते.

दोन्ही बाजारांचा संबंध नुसत्या साम्याचा नाहीं. चिनी भाषेंत तिळाचें एक जुनें नांव 'परक्या मुलखांतील ताग' अशा अर्थाचें आहे. म्हणजे तो पश्चिमेकडून आपल्याकडे आला, ही आठवण त्यांनीं नांवांत जपून ठेविली. साखरेची हकीकत तर अधिक स्पष्ट आहे. ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रांत येऊन गेला. डोंगरांतील ज्या विहाराचें वर्णन त्यानें केलें, तो अजिंठाच असावा असें पंडित मानतात. ६४५ मध्यें तो मायदेशीं परतला. ६४७ मध्यें मगधाचा वकील चिनी दरबारीं गेल्यानंतर तेथील सम्राटानें ऊंसाचा रस उकळून साखर करण्याची आपली रीत शिकून येण्यासाठीं माणसें पाठविलीं, असें त्यांच्या राजवंशाच्या इतिहासांत नमूद आहे. आणि दैवाचा खेळ असा कीं, पुढें पांढऱ्या साखरेस हिंदी भाषेनें नांव दिलें तें चीनी! ज्यांनीं विद्या दिली, त्यांनींच वस्तूवर शिष्याचें नांव घातलें.

असो. बाजाराच्या शेवटाशीं, जेथें रस्ता मोकळा होतो, तेथें सुगडें मांडलीं होतीं. सुगड म्हणजे सुघट, चांगला घट. वीतभरही उंची नसलेलें मातीचें बोळकें. संक्रांतीस सुवासिनी पांच सुगडांत ऊंस, बोरें, गाजर, हरभरा, ओंबी, तीळ भरून पूजा करतात व एकमेकींस वाण देतात. तेथून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतें. वाण देण्यास आपण लुटणें म्हणतों, आणि कोठें कोठें आवाही लुटतात; आवा म्हणजे कुंभाराची भट्टी. बोलण्यांत भट्टी आली, पण भट्टी लावणाऱ्याची आठवण कोणास होते? सुगडांची विक्री वर्षांतून दोनतीन दिवसांची. मार्गशीर्षापासून माती मळून, लहानलहान नग फिरवून, वाळवून ठेवावे लागतात. पौषांत आभाळ आलें कीं ते सुकत नाहींत, ओले भट्टींत घातले तर तडकतात. आणि संक्रांतीच्या दुपारनंतर उरलेल्या सुगडास कोणी विचारीत नाहीं.

विकणारी बाई साठीच्या पुढची. कपाळ मोकळें. शेजारीं तिची सून पोर मांडीवर घेऊन बसली होती. मीं दहा सुगडें मागितलीं. म्हातारीनें एकेक उचलून बोटाच्या पेरानें वाजवून दाखविलें. "आवाज ऐका ताई. भेगाळलेलं असलं तं बद्द वाजतंय." मीं सहज विचारिलें, "आजी, तुमच्या घरचीं कोणतीं ठेवलीं?" ती हंसली. "माझी कशाची? मालक जाऊन बारा वर्सं झाली. सुनेची हायेत."

हें उत्तर ऐकून मला आश्चर्य वाटलें नाहीं, आणि त्याचीच लाज वाटली. त्या सकाळीं गांवांतील बहुतेक सुवासिनींचीं सुगडें तिच्या हातून गेलीं होतीं. तिनें स्वतः मात्र एकही पुजावयाचें नव्हतें. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड गांवानें मे २०२२ मध्यें ग्रामसभेंत ठराव करून पतिनिधनानंतर कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढणें ह्या चाली बंद केल्या, आणि त्याच महिन्यांत राज्य सरकारनें इतर ग्रामपंचायतींनींही तसेंच करावें असें परिपत्रक काढलें. परंतु ठरावानें जें बंद होतें तें चारचौघांतलें. हळदीकुंकवाचें बोलावणें कोणास धाडावयाचें, हें घराच्या उंबऱ्याच्या आंत ठरतें, आणि तें ठरविणाऱ्या बहुधा आपणच बायका असतों. माझ्या स्वतःच्या घरच्या यादींतून माझ्या एका चुलतीचें नांव सहा वर्षें गळलेलें आहे. तें कोणी खोडलें नाहीं. लिहिलेंच गेलें नाहीं.

मी पैसे काढीत असतां सुनेनें टोपल्यांतून पांच सुगडें निवडून मागें सरकविलीं. तीं सगळ्यांत सारखीं आणि चांगलीं भाजलेलीं होतीं.

"ती कशाला बाजूला काढतीस?" म्हातारीनें विचारिलें.

"तुमच्यासाठी, आत्याबाई."

"येडी का काय? लोकं काय म्हणतील?"

"घडवायची आपण अन् पुजायची लोकांनीच का?" सून म्हणाली आणि पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलें.

म्हातारी कांहीं बोलली नाहीं. तिनें माझीं दहा सुगडें गवतांत गुंडाळून दिलीं, वर एक जास्तीचें ठेविलें, "वाटेत फुटलं तं असावं" म्हणून. इतक्यांत एक नवी नवरी सासूबरोबर आली आणि मागें ठेवलेल्या त्या पांचांकडे बोट दाखवून म्हणाली, "तीच द्या ना, ती बरी दिसतात."

म्हातारीनें त्यांच्यावर गवत पसरलें.

"ती गेली, बाई," ती म्हणाली. "ह्यातली घ्या."