दर्शनी पानाची स्थापना

एखाद्या गावचे सार्वजनिक वाचनालय आपले संकेतस्थळ उभारते, आणि त्याच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवताच आगंतुकास वाचनालयाचा पत्ता, वेळ वा वर्गणी यांपैकी काहीच न दिसता कालच्या व्याख्यानाचे वृत्त तेवढे सामोरे येते. हा दोष कार्यवाहांचा नव्हे, कारण २००३ साली मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी सिद्ध केलेली वर्डप्रेस ही त्या स्थळामागची प्रणाली मूळची रोजकीर्दीच्या धर्तीची, म्हणजे नवी नोंद सर्वांत वर मांडणारी आहे.

रोजकीर्द दफ्तरात शोभते, दिवाणखान्यात नव्हे. म्हणून दर्शनी पान स्थिर, म्हणजे आपण स्वहस्ते बदलीपर्यंत न बदलणारे, असे मुक्रर करावे. त्यासाठी प्रथम दोन पाने निर्माण करून प्रसिद्ध करावीत : एक ‘मुखपृष्ठ’, ज्यावर संस्थेचा परिचय लिहावा, आणि दुसरे ‘वार्ता’, जे कोरेच ठेवावे, कारण त्यावर नोंदींची यादी प्रणाली स्वतःच मांडते आणि तेथे आपण परिश्रमाने लिहिलेला मजकूर बहुधा दिसतच नाही, ही गोष्ट माझ्या मते आरंभीच ध्यानी धरावयास हवी. मग सेटिंग्जमधील रीडिंग या विभागात स्थिर पानाचा पर्याय निवडून दोहोंची आपापल्या जागी नेमणूक करावी. एकच पान दोन्ही जागी नेमू नये.

त्याच पडद्यावर खाली, शोधयंत्रांनी या स्थळाची दखल घेऊ नये, अशी विनंती करणारी एक लहानशी चौकट असते. उभारणी चालू असताना तीत खूण केली असल्यास, द्वार खुले करतेवेळी ती अवश्य काढावी.