खेळांतील प्रेतविद्या

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. त्यांच्या हातांत एक जाड इंग्रजी पुस्तक व वीस पैलूंचा एक फांसा होता. मृतांचे सांगाडे उठवून त्यांना चाकरीस लावण्याचा मंत्र त्या पुस्तकांत होता. “सर, हें घरांत ठेवावें कीं नाहीं, तेवढें सांगा,” असें ते म्हणाले. मीं दोन पानें चाळलीं आणि “ठेवूं नका” असें सांगून मोकळा झालों. मुलगा वडिलांच्या मागें उभा होता. त्यानें खालच्या मानेनें विचारलें, “सर, आपण हें वाचलें आहे का?” वाचलें नव्हतें. दिवाळीच्या सुटींत तें वाचलें, आणि माझें उत्तर घाईचें होतें असें दिसून आलें.

या खेळाचें नांव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघां अमेरिकन गृहस्थांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. एक जण कथा सांगतो. बाकीचे योद्धा, चोर, धर्मोपासक किंवा मांत्रिक अशा भूमिका घेऊन आपण काय करतों तें बोलतात. यश कीं अपयश हें फांसा ठरवितो. यांतील मंत्रविद्येच्या आठ शाखा असून त्यांपैकीं एक ‘नेक्रोमन्सी’, म्हणजे प्रेतविद्या होय. हा शब्द मुळांत ग्रीक. ‘मृत’ व ‘भविष्यकथन’ या दोन शब्दांचा तो जोड आहे. मृतांना विचारून गुह्य जाणणें एवढाच त्याचा मूळ अर्थ. प्रेतांना चालविणें हा अर्थ त्यास मागाहून चिकटला.

मृतांस प्रश्न विचारण्यास पवित्र शास्त्रांत, अनुवादाच्या अठराव्या अध्यायांत, स्पष्ट मनाई आहे. शौल राजाची कथा आपण प्रार्थनावर्गांत ऐकलीच आहे. ज्यानें स्वतः भूतविद्या करणारांस देशांतून घालवून दिलें, तोच राजा पलिष्ट्यांच्या भयानें वेष पालटून रात्रीं एन-दोर येथील स्त्रीच्या दारीं गेला. तेथें वर आलेल्या शमुवेलाचे पहिले शब्द तक्रारीचे आहेत: मला उठवून त्रास कां दिलास? त्या उत्तराचा मोह असल्यामुळें या तक्रारीकडे वाचकाचेंही सहसा लक्ष जात नाहीं.

मग टेबलाशीं बसून फांसा टाकणारा मुलगा शौलाचें पाप करतो काय? मला तसें वाटत नाहीं. शौलास खरोखर मृताकडून उत्तर हवें होतें. मुलाला ठाऊक असतें कीं समोर कोणी मृत नाहीं. उत्तम शुक्रवारच्या नाटकांत यहूदा इस्कर्योत होणारास आपण विश्वासघातकी म्हणत नाहीं. अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत पुष्कळ ख्रिस्ती पालकांनीं या खेळाची धास्ती घेतली होती, आणि १९८९ च्या आवृत्तींतून भुते व सैतान हे शब्दच गाळण्यांत आले. नांवें गाळल्यानें विशेष कांहीं साधलें असें मात्र नाहीं.

तथापि नाटकाच्या दाखल्यानें प्रश्न पुरता सुटत नाहीं. नट लिहून दिलेलें बोलतो. खेळणारा आपलें कृत्य स्वतः निवडतो. म्हणून तो काय निवडतो हें पाहिलें पाहिजे, आणि येथें २०१४ च्या आवृत्तीचे नियमच आपल्याला मदत करतात. एका मंत्रानें प्रेतास पांच प्रश्न विचारतां येतात. त्यांत आत्मा परत येत नाहीं, आणि प्रेतावर खरें बोलण्याची सक्ती नाहीं. दुसऱ्या मंत्रानें मेलेला जिवंत होतो. परंतु त्या आत्म्याची परत येण्याची इच्छा असली तरच. तिसरा मंत्र हाडांना वा प्रेताला उठवून चाकर बनवितो, आणि तेथें मात्र कोणाची इच्छा विचारलेली नाहीं. चोवीस तासांच्या आंत मंत्र पुन्हां न म्हटल्यास हुकूम चालेनासा होतो. असलें कृत्य चांगलें नव्हे, दुष्टच तें वारंवार करतात, असें पुस्तक सांगतें. कां, तें तेथें सांगत नाहीं.

यावर मुलांचा युक्तिवाद मोठा चोख आहे. आत्मा तर गेला. उरलीं तीं हाडें. त्यांनीं गांवाचें रक्षण केलें तर कोणाचें काय बिघडलें?

चार्ल्स बर्न या आयरिश माणसाची हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. हा साडेसात फुटांहून उंच असून लोक पैसे देऊन त्यास पाहत. १७८३ सालीं लंडन येथें बाविसाव्या वर्षीं तो वारला. आपला देह शस्त्रवैद्यांच्या हातीं पडूं नये, शिशाच्या पेटींत घालून समुद्रांत बुडवावा, अशी त्याची इच्छा होती. परंतु जॉन हंटर या नामांकित शस्त्रवैद्यानें लांच देऊन तो देह मिळविला असें सांगतात. सांगाडा सुमारें दोन शतकें लंडनच्या हंटेरियन संग्रहालयांत उभा होता. त्याचा उपयोग झाला नाहीं असें नाहीं. १९०९ सालीं हार्वे कुशिंग या डॉक्टरनें त्याची कवटी तपासली, तेव्हां मेंदूखालील ग्रंथीची जागा वाढलेली आढळली, आणि असाधारण उंचीचें कारण उमगण्यास मदत झाली. तरीही २०२३ मध्यें संग्रहालय पुन्हां उघडलें तेव्हां तो सांगाडा लोकांपुढें ठेवण्यांत आला नाहीं. स्वखुशीनें देहदान करणाराचीं हाडेंही वैद्यकशाळेंतच असतात. पण त्यानें ‘हो’ म्हटलेलें असतें. बर्ननें ‘नाहीं’ म्हटलें होतें. मुलांच्या प्रश्नाचें उत्तर मला या फरकांत सांपडलें.

पुस्तक परत देण्यास मी एका शनिवारीं त्या मुलाच्या घरीं गेलों. पांच मुलें खेळांत रंगलीं होतीं. लुटारूंच्या हल्ल्यांत गांवचा पहारेकरी मारला गेला होता, आणि मांत्रिक झालेला हाच मुलगा त्याचें प्रेत उठवून वेशीवर उभें करणार होता. फांसा हातांत होता. तेवढ्यांत एक मुलगी म्हणाली, “थांब. त्याच्या बायकोला विचारलंस का?” त्या मुलीची आजी दोनच महिन्यांपूर्वीं वारली होती, हें मला ठाऊक होतें. कोणी हंसलें नाहीं. कथा सांगणाऱ्या मुलानें पहारेकऱ्याच्या विधवेला बोलावलें. तिनें नकार दिला.

मग त्यांनीं वेशीबाहेर खड्डा खणला, पहारेकऱ्याला मूठमाती दिली व रात्रीं स्वतःच पहाऱ्यास उभे राहिले. लुटारू पुन्हां आले तेव्हां फांसे उलटे पडले आणि गांव गेला. मुलाचे वडील दाराशीं उभे राहून हें सारें पाहत होते. पुस्तक मीं त्यांच्या हातीं दिलें. त्यांनीं तें मुलाच्या फळीवर ठेवलें.